आपल्यातली बाई

आठ दिवसांनी नळ आला होता, आणि नळ आला की सिंधु कुणाचीच नसे. टाकी, दोन पिंपं, बादल्या, पातेली, शेवटी तांबेसुद्धा भरून झाल्याशिवाय ती फोनकडे बघायची नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्या गुरुवारी फोन पिंपाच्या झाकणावरच राहिला होता आणि तो एकदा, दोनदा, मग सारखाच थरथरायला लागला. तिने ओला हात पदराला पुसला आणि बघितलं. माहेरच्या माणसांच्या ग्रुपवर तिच्या भावाने, कंधारच्या महांतेशने, एक मजकूर पुढे पाठवला होता. लातूरच्या एका परीक्षाकेंद्रावर मुसलमान शिक्षिकेने लिंगायत मुलीच्या गळ्यातलं इष्टलिंग जबरदस्तीने उतरवलं, ते हरवलं, मुलीने अन्न सोडलं आहे. शनिवारी सकाळी अकराला देवणीत मोर्चा, घरटी एक माणूस. खाली शबानाचा फोटो होता. शाळेच्या स्नेहसंमेलनातला, फेटा बांधलेला, हसरा. शबानाच्या खांद्यावर एक हात होता आणि त्या हाताचं बाकीचं माणूस कुणीतरी कापून टाकलं होतं. तो हात सिंधुचा होता. पिंप भरून पाणी मोरीतून रस्त्यावर गेलं, शेजारीण "ओ मॅडम, पाणी!" म्हणून ओरडली, तरी ती तशीच उभी राहिली.

कारण लिंग सिंधुने उतरवलं होतं. शबानाचं टेबल पलीकडे, दहा पावलांवर होतं.

रविवारी डॉक्टरकीच्या प्रवेशाची परीक्षा होती. त्या दिवशी लातुरात पाय ठेवायला जागा नसते. आठ जिल्ह्यांतली पोरं, त्यांचे आईबाप, डबे, छत्र्या, झाडाखाली पसरलेल्या सतरंज्या. सिंधु आणि शबाना एकाच शाळेत अकरा वर्षं शिकवत होत्या, आणि दोघींनाही एका इंग्रजी शाळेच्या केंद्रावर मुलींच्या तपासणीला नेमलं होतं. फाटकाशी कापडी मांडव, दोन टेबलं, दोन यंत्रं. यंत्र अंगावरून फिरवायचं, वाजलं की धातू. कानातलं, नाकातलं, पैंजण, केसातल्या पिना, सगळं प्लास्टिकच्या ट्रेमध्ये. रांग सुरू व्हायच्या आधी शबानाने चहा पिता पिता सहज म्हटलं होतं, "ताई, एक करू या का? आमच्यातल्या पोरी तुम्ही बघा, तुमच्यातल्या माझ्याकडं पाठवा. आपल्याच माणसापुढं हात आखडतो, न्हाई तर उगं जास्तच चालतो." सिंधु हसली होती. आणि हसून वर शिकवलंही होतं, कारण शिकवल्याशिवाय तिला राहवत नाही. "शबाना, आपण काय जात बघून तपासणार का? रांगेत जी येईल ती." शबाना "तेबी खरंच" म्हणाली आणि तिने कप टेबलाखाली ठेवला. किती बरं वाटलं होतं सिंधुला स्वतःचं ते वाक्य! नागरिकशास्त्राच्या बाईला शोभेल असं. वीस वर्षं ती आठवीच्या पोरांना प्रश्न घालत आली होती, धर्मनिरपेक्ष राष्ट्र म्हणजे काय ते थोडक्यात लिहा, गुण दोन. पोरं लिहायची, सगळ्या धर्मांना सारखं वागवणारं. ती बरोबरची खूण करायची आणि पुढचा पेपर ओढायची. सारखं म्हणजे कसं, हे एकाही पोराने विचारलं नाही आणि तिनेही ते कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

मुलगी सव्वाअकरालाच आली. दार एकपर्यंत उघडं असणार होतं, तरी सव्वाअकराला. नाव वर्षाराणी, गाव देवणीजवळचं, अंगात फिक्या रंगाचा, आखूड बाह्यांचा, नियमातलाच कुर्ता, पायात साधी चप्पल, कान मोकळे. नियम वाचून आलेली मुलगी हे लांबूनच कळत होतं. यंत्र फक्त गळ्याखाली वाजलं. तिने स्वतःच दोरा ओढून इष्टलिंगाची चांदीची डबी बाहेर काढली आणि दुसऱ्या हातातला सूचनांचा छापील कागद पुढे केला. एका ओळीखाली पेनाने रेघ मारलेली होती. धर्माच्या रूढीप्रमाणे वस्तू अंगावर असणाऱ्या उमेदवारांनी लवकर यावं, त्यांची नीट तपासणी करून त्यांना आत सोडावं. "मनूनच लौकर आले, मॅडम," ती म्हणाली. सिंधुला ती ओळ माहीत नव्हती असं नाही. अर्ध्याच तासापूर्वी नांदेडहून आलेल्या एका शीख मुलीचं कडं तिने त्याच ओळीवर बोट ठेवून जाऊ दिलं होतं. बुरख्यातल्या तीन पोरी पडद्यामागे नेऊन, स्कार्फ सोडायला लावून, केस चाचपून, पुन्हा बांधू दिल्या होत्या, आणि बाहेर आल्यावर आपण किती नीट वागलो म्हणून मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली होती. आणि आता, ज्या वस्तूबद्दल जगात तिला सर्वांत जास्त कळत होतं त्या वस्तूपुढे, ती म्हणाली, "ते स्कार्फ-बिर्फसाठी हाय. हे चालणार न्हाई. काढ."

का म्हणाली? पाणी रस्त्यावरून वाहत जात असताना सिंधुने हा प्रश्न पाच दिवसांत पन्नासाव्यांदा स्वतःला घातला. मागे केंद्राचे साहेब खुर्ची टाकून बसले होते, म्हणून? ते तर मोबाइलवर होते. छातीवर नावाची पट्टी होती, आडनाव वाचून कुणालाही घराणं कळलं असतं, म्हणून? रांगेतल्या आया बघत होत्या, म्हणून? कडं सोडताना तिला कुणाची भीती वाटली नव्हती. परक्याच्या देवाला वाट करून देण्यात एक मोठेपणा असतो, तो तिने पुरेपूर भोगला होता. स्वतःच्या देवाला वाट करून दिली असती तर तो मोठेपणा क्षणात वशिला झाला असता. बाई आपल्या पोरीला सोडते, असं कुणीतरी म्हटलं असतं. कुणी म्हटलं नव्हतं. कुणाच्या मनातही नव्हतं. म्हणणारं माणूस सिंधुच्याच आत बसलेलं होतं, आणि ते बरंच जुनं होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी, नायगाव तालुक्यातल्या एका शाळेत, कपाळावर भस्माचे तीन पट्टे लावून ती गेली तेव्हा मुख्याध्यापक नुसते म्हणाले होते, "बाई, पूजा करूनच आलात वाटतं." रागाने नाही, चेष्टेनेही नाही. दुसऱ्या दिवसापासून सिंधु शाळेच्या फाटकाशी पदराने कपाळ पुसायला लागली. मग घरूनच लावेनाशी झाली. मग गळ्यातलं लिंगही देव्हाऱ्यातल्या पितळी पेटीत गेलं, ते फक्त सोमवारी आणि महाशिवरात्रीला बाहेर निघायचं. तिला कुणी सक्ती केली नव्हती. सरकारचा पगार घेणाऱ्याने असंच असावं, अशी तिची तिनेच समजूत करून घेतली होती, आणि ज्या गोष्टीची किंमत आपण देऊन बसलो ती दुसऱ्याला फुकट मिळू लागली की माणसाला बरं वाटत नाही. हे फार वाईट होतं. पण खरं हेच होतं, आणि नळाशी उभं राहून ते कळून काही उपयोग नव्हता.

मुलगी हलली नव्हती. तिचे डोळे भरले नाहीत, आवाज चढला नाही, तिने फक्त डबी मुठीत धरली. वयाच्या सहाव्या महिन्यात स्वामींनी येऊन बांधलेलं लिंग. अंघोळीला काढत नाहीत, आजारपणात काढत नाहीत, सकाळी डाव्या तळहातावर घेऊन पूजा झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा घोट नाही, आणि माणूस गेलं की तेच हातात देऊन मातीत बसवतात. हे सगळं सिंधुला शिकवायची गरज नव्हती. मागे रांग वाढली. कुणाची तरी आई म्हणाली, "अगं काढ की बाई, उन्हात पोरी उभ्या हायत." तेव्हा सिंधु टेबलावरून पुढे वाकली आणि खालच्या आवाजात, अगदी मायेने म्हणाली, "बाळ, मी पण आपल्यातलीच हाय. काही होत न्हाई. दे माझ्याकडं." मुलीने तिच्याकडे बघितलं. आधी कपाळाकडे, मग गळ्याकडे. मग तिने डोक्यावरून दोरा काढला आणि डबी सिंधुच्या हातात दिली. डबी कोमट होती, अंगाची ऊब अजून तिच्यात होती. सिंधुने ती ट्रेमध्ये ठेवली, पिना आणि पैंजणांच्या शेजारी, आणि म्हणाली, "पुढं."

आणि हेही काहीच नव्हे. खरी खुपणारी गोष्ट वेगळी होती, ती तिने नवऱ्यालाही सांगितली नव्हती. डबी हातात होती त्याच क्षणी तिला नांदेड आठवलं होतं. चौदा वर्षांपूर्वीचं. आईला, सिद्धम्माला, पोटाच्या ऑपरेशनसाठी कंधारहून नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. आत घेताना अंगावरचं सगळं काढायला सांगितलं. आईने बांगड्या दिल्या, जोडवी दिली, आणि गळ्यावर हात ठेवून भिंतीकडे तोंड केलं. डॉक्टर चिडले, महांतेश हात जोडून उभा, सिंधु आईवरच ओरडली, अशीच, आपलं माणूस अडाणी ठरू नये म्हणून. तेव्हा एक नर्स आली. ठेंगणी, तोंडात लवंग, नाव जाहिदा. तिने सगळ्यांना बाहेर काढलं, फक्त सिंधुला राहू दिलं. आईजवळ बसून ती म्हणाली, "अम्मा, आत धातू चालत न्हाई, हे खरं हाय. चांदी न्हाई, सोनं न्हाई. पन तुमचा देव काय चांदीचा हाय का?" आई म्हणाली, "न्हाई गं, दगडाचा." "मंग? दगडाला कोन ना म्हणून राहिलंय? डबी पोरीकडं द्या. देवाला राहू द्या तुमच्यापाशी." तिने दुसरीकडे तोंड फिरवलं, आईने स्वतः डबी उघडून सुपारीएवढं काळं लिंग काढलं, जाहिदाने पट्टीचं स्वच्छ कापड पुढे धरलं, त्यात ते गुंडाळून आईच्या डाव्या दंडाला बांधलं आणि वर चिकटपट्टी लावली. नियमही राहिला, देवही राहिला. पाच मिनिटांचं काम. आई पुढे नऊ वर्षं जगली आणि दर रमजानला त्या बाईचं नाव काढायची.

टेबलापाशी हे सिंधुला आठवलं होतं. पूर्ण, लवंगेच्या वासासकट. पर्समध्ये सुती रुमाल होता. पडदा लावलेली जागा चार पावलांवर होती. डबी ट्रेमध्ये, लिंग रुमालात, रुमाल दंडाला, यंत्र पुन्हा फिरवायचं, वाजलं नसतं. आणि हे आठवूनही तिने "पुढं" म्हटलं. विसरली असती तर आज तिला झोप लागली असती. माणसं विसरण्याची क्षमा मागू शकतात. आठवून न करण्याची कशी मागायची, ते तिला कळत नव्हतं.

एक वाजेपर्यंत ट्रे भरून वाहू लागले. सफाईच्या बाईने जागा व्हावी म्हणून दोन ट्रे एकात ओतले, त्यात काही वस्तू खाली सांडल्या, तिनेच त्या गोळा केल्या. डबीचं झाकण उघडलं असणार आणि काळा दगड कुठेतरी टेबलाखाली, मातीत, पायांत गेला असणार. कुणीतरी भल्या माणसाने रिकामी डबी उचलून, झाकण नीट दाबून, ट्रेमध्ये परत ठेवली. संध्याकाळी गर्दीत मुलीने आपली डबी ओळखली, गळ्यात घातली आणि शेवटची बस पकडली. घरी अंघोळ करून पूजेला बसल्यावर तिने ती उघडली. सोमवारी सकाळी तिच्या वडिलांचा केंद्रावर फोन आला. साहेबांनी सगळं ऐकून विचारलं, चांदीची डबी मिळाली ना? मग हरवलं काय? दगड? साहेब वाईट नव्हते. त्यांच्या नोंदवहीत तेवढीच वस्तू होती, एक चांदीची डबी, परत दिली. त्यांनी सिंधुला फोन करून सांगितलं की लेखी खुलासा लागला तर उमेदवाराने वस्तू स्वखुशीने काढून दिली असं लिहा, आणि त्यात खोटं तरी काय होतं? तिने स्वतःच्या हातानेच तर दोरा काढला होता.

नळ बंद झाला तेव्हा सिंधुचा नवरा सुदर्शन तिच्यापाशी आला. तो कृषी खात्यातून रिटायर झाला होता आणि आता दिवसभर बातम्या बघून देशाची काळजी करायचा. तिने फोन त्याच्यापुढे धरला. त्याने चष्मा वर करून वाचलं, पुन्हा वाचलं, आणि तो सुटकेचा श्वास तिने स्पष्ट ऐकला. "तुझं नाव न्हाई ना कुठं?" तो म्हणाला. "न्हाई." "मग तू कशाला मधी पडून राहिलीस? दोन वर्षं राहिली नोकरीची." "अहो, पण काढलं मी." "कायद्यानं काढलंस. आणि शबाना मॅडमचं काय व्हायचंय? चौकशी होईल, रजिस्टर बघतील, सुटतील त्या." "आणि तोवर?" सुदर्शनने मोटर बंद केली आणि पाइप गुंडाळायला घेतला. तो भित्रा होता असं नाही. बायकोवर जीव असलेला साधा माणूस होता, आणि साध्या माणसाला दुसऱ्याच्या अंगणात पडलेली आग आपल्या अंगणात नको असते. तिला त्याचा राग आला नाही. आपल्यालाही वाचताना, शबानाचा फोटो दिसायच्या आधी की नंतर कोण जाणे, क्षणभर तसंच हलकं वाटलं होतं, हे तिला ठाऊक होतं.

दुपारी तिने शबानाला फोन लावला. बराच वेळ वाजला. "बोला ताई," शबाना म्हणाली, नेहमीसारखी. मागे शिलाईयंत्राचा आवाज नव्हता. शबानाचा नवरा जलील घराला लागूनच दुकानात कपडे शिवायचा, आणि तिच्या घरी फोन केला की ते यंत्र बोलण्यातून सारखं ऐकू यायचं. "दुकान बंद हाय का गं?" "हाव. सकाळी चार पोरं येऊन विचारून गेली, मॅडमचं घर हेच का म्हणून. काही बोलली न्हाईत. नुसतं विचारलं." मग ती म्हणाली, "लेकरांना नायगावला पाठवलं, आईकडं." सिंधु म्हणाली, "बरं केलंस." काय बोलत होती ती? बरं केलंस! शबानाने तिचं नाव घेतलं नाही. तुम्ही होता ना त्या टेबलावर, असं म्हणाली नाही. सांगा की लोकांना, असंही म्हणाली नाही. फक्त विचारलं, "ताई, रजिस्टरवर टेबलाचा नंबर लिहिलेला असतो ना?" अकरा वर्षं एका खोलीत डबा खाल्लेली बाई आपल्यापेक्षा त्या कागदावर जास्त भरवसा ठेवते आहे, हे सिंधुला कळलं. "असतो," ती म्हणाली. मग शबानाच म्हणाली, "त्या दिवशी मीबी एका पोरीचा ताईत काढून घेतला, ताई. कापडातला होता, वाजलाबी नव्हता. आमच्यातली होती मनून. मीच बोल्ले होते ना तुम्हाला सकाळी." आणि ती हसली. ते हसू ऐकून सिंधुने फोन ठेवला आणि पाण्याच्या भरल्या पिंपाला टेकून ती रडली. पन्नाशी उलटलेल्या बाईला शोभणार नाही असं, नाक ओढत.

शुक्रवारी सकाळी तिने दोन पानांचा खुलासा लिहिला. टेबल क्रमांक एक. तपासणारी मी. मुलीने नियमाची ओळ दाखवली. मी ती नाकारली. इतर उमेदवारांना याच ओळीखाली सवलत दिली होती. हे लिहिताना अक्षर फळ्यावरच्यासारखं गोल आलं. कागद पर्समध्ये घालून, सुदर्शनला "बाहेर जाऊन येते" एवढंच सांगून, ती स्टँडवर गेली आणि उदगीरच्या गाडीत बसली. उदगीरहून देवणी, देवणीहून काळीपिवळी जीप. रस्ताभर नांगरून पडलेली काळी जमीन होती आणि तिच्यावर ऊन हलत होतं. तिने काय काय होईल त्याची मनाशी तयारी केली होती. शिव्या देतील. अंगावर येतील, बायका पुढे येतील. व्हिडिओ काढतील, तो महांतेशच्या ग्रुपवर जाईल. निलंबन होईल. प्रत्येक गोष्टीचं तिला भय वाटत होतं, आणि त्या भयाखाली एक चमत्कारिक आसही होती की हे सगळं एकदाचं व्हावं. कुणीतरी आपल्याला जोरात बोलावं. गेले पाच दिवस तिला कुणीही काहीही बोललं नव्हतं.

घर शोधावं लागलं नाही. दारात मांडव होता, आठ-दहा मोटारसायकली उभ्या होत्या, ओट्यावर पोरं बॅनरचा मजकूर फोनवर बघत बसली होती. मुलीचे वडील शिवशंकर, पन्नाशीतले, अंगात बंडी, कपाळाला भस्म, दाढी वाढलेली. बोलत होता तो त्यांच्या चुलत्याचा मुलगा विरूपाक्ष; त्याच्या हाताला दोन फोन सारखे चिकटलेले होते. सिंधुने पाणीसुद्धा घेतलं नाही. उभ्यानेच म्हणाली, "मी त्या केंद्रावर होते. तुमच्या मुलीचं लिंग काढून घेणारी मी. त्या फोटोतल्या मॅडम न्हाईत. त्यांच्या टेबलावर तुमची मुलगी गेलीच न्हवती."

विरूपाक्ष उठून उभा राहिला. "तुम्ही कोन?"

तिने नाव सांगितलं, आडनावासकट. तो क्षणभर तिच्याकडे बघत राहिला, मग शिवशंकरकडे. "म्हंजे आपल्यातल्याच?" त्याने विचारलं.

"हो."

"माहेर कुठलं?" हे शिवशंकरने विचारलं, अगदी हळू.

"कंधार."

"कंधारात सिद्धलिंगअप्पा होते, कापडवाले."

"माझे चुलते."

"आरं देवा!" शिवशंकरने दोन्ही हात गुडघ्यावर आपटले. "आमच्या आत्याची सून त्यांच्याच घरची की! बसा, बसा मॅडम, उभ्या कामून? आरं खुर्ची आन रे कुणी." आणि ओट्यावर काहीतरी सैल झालं. पोरांनी फोन खाली घेतले. आतून चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला. सिंधुला वाटलं आपलं बोलणं यांना कळलं नाही. तिने पुन्हा सांगितलं, सावकाश, वर्गात सांगतात तसं. मुलीने नियम दाखवला होता. नियम तिच्या बाजूने होता. मी ऐकलं नाही. चूक माझी आहे, तक्रारीत माझं नाव घाला. तिने पर्स उघडून दोन पानं पुढे केली. शिवशंकरने ती हातात घेतली नाहीत. "न्हाई न्हाई, मॅडम. नोकरीचं मानूस तुम्ही. वरून जे आलं ते तुमी केलं. कायदा हाय, आपन पाळायचाच असतो. तुम्ही काय मुद्दाम केलंत का? आपलं मानूस मुद्दाम करतंय का कधी?"

"केलं," सिंधु म्हणाली. "मुद्दामच केलं."

ते कुणी ऐकलं नाही. विरूपाक्ष अंगणात जाऊन फोनवर बोलत होता, वैतागून. "बॅनर थांबीव. हाव, थांबीव म्हटलं ना. आता काय आपल्याच बाईवर मोर्चा न्यायचा का?" तो परत आल्यावर सिंधुने त्याला म्हटलं, "तुम्ही ग्रुपवर लिहा, त्या मॅडमचं नाव चुकीनं आलं म्हणून. त्यांच्या घरावर माणसं जाऊन राहिलीत." "टाकतो की," तो म्हणाला आणि तिच्यासमोरच अंगठ्याने लिहिलं. तिने वाकून वाचलं. विषय आपसात मिटला आहे, उद्याचा मोर्चा रद्द, सर्वांनी नोंद घ्यावी. "नाव चुकीचं होतं, असं घाला ना," ती म्हणाली. "कशाला उकरत बसायचं मॅडम? मिटलं मनलं की मिटलं." चहा आला. गोड, घट्ट, वेलदोड्याचा. तिने तो प्यायला, कारण नाही म्हणता येत नव्हतं, आणि पिताना तिला शरम वाटत राहिली.

"मुलीला भेटू का?" तिने विचारलं.

वर्षाराणी मागच्या पडवीत होती. बाजूला पांढऱ्या अंगाची, काळ्या ठिपक्यांची गाय बांधलेली होती. मुलगी बाजेवर बसून वहीत उत्तरं ताडून बघत होती, गळ्यात रिकामी डबी तशीच होती. शेजारी पेल्यात दूध आणि अर्धं केळ. नवीन लिंग बांधायला सोमवारी उदगीरहून स्वामी येणार होते, तोवर शिजलेलं खायचं नाही. तिने सिंधुला ओळखलं, उठून उभी राहिली, शाळेतल्या सवयीने. तोंड सुकलं होतं, पण राग नव्हता. सिंधुने पुष्कळ ठरवलं होतं, पट्टीचं कापड, दंड, नांदेड, सगळं सांगायचं. तोंडातून आलं ते एवढंच, "पेपर कसा गेला?"

"बरा गेला." मग मुलीने बाहेर कान दिला. ओट्यावर कुणीतरी मोठ्याने हसलं, एक मोटारसायकल सुरू झाली, मग दुसरी. "चालले का सगळे?"

"हो. उद्याचा मोर्चा रद्द झाला."

"कामून?"

"काढून घेणारी मी होते, हे कळलं त्यांना. म्हणून."

मुलीने हे नीट ऐकून घेतलं. अवघड गणित ऐकावं तसं, भुवया जवळ घेऊन. "कोन मॅडम ते मला कुणी इचारलंच नव्हतं. पन ते म्हनले होते," ती म्हणाली, "मोर्चा झाला की साहेबाला ती खोली, तो मांडव, समदं उघडून द्यावं लागंल. माती चाळून बघू म्हनले होते. दगडच हाय तो, मॅडम, कुठं जाणार? तिथंच पडलेला असंल." तिचा हात डबीवर गेला. "मग आता माझं लिंग कोन हुडकणार?"

ते केंद्र सिंधुच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर होतं. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, आज शुक्रवार. पाच दिवस ती त्या लिंगाच्या पापात जळत होती, झोपत नव्हती, कागद लिहीत होती, आणि त्या पाच दिवसांत एकदाही तिथे जाऊन, टेबल होतं त्या जागी वाकून, तिने जमिनीकडे बघितलं नव्हतं.